जीएमआरटी (खोडद) आणि तिथून लागलेले शोध

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे सगळे जिला नुसतं जीएमआरटी म्हणतात ती, पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ उभी असलेली रेडिओ दुर्बीण आहे. पुण्याहून नाशिक रस्त्याने साधारण ८० किलोमीटर, नारायणगावला आत वळायचं. टीआयएफआरचं (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए, पुणे विद्यापीठाच्या आवारात ऑफिस आहे) ती चालवतं. दुर्बीण एक पण डिश ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर पूर्व, पश्चिम, दक्षिण अशा पांगलेल्या आहेत, दोन टोकांच्या डिशमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. त्यामुळे होतं काय की त्या भागात फिरताना टोमॅटोच्या नाहीतर द्राक्षाच्या शेतामागे अचानक एक अवाढव्य जाळीदार डिश दिसते, आजूबाजूला ना गेट ना कॅम्पस, आणि नवीन माणसाला कळतच नाही की हिचा त्या लांबच्या बाकी डिशेसशी काय संबंध.

संबंध असा की सगळ्या डिश एकाच वेळी आकाशातल्या एकाच जागेकडे बघतात, प्रत्येकीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मधल्या इमारतीत येतो आणि तिथे कॉम्प्युटर कुठल्याही दोन-दोन डिशेसचे सिग्नल एकमेकांशी ताडून बघतो. ३० डिशच्या अशा ४३५ जोड्या होतात. रात्रभर निरीक्षण चाललं की पृथ्वी फिरते, तसतशी आकाशातून बघितल्यावर प्रत्येक जोडीची दिशा बदलत जाते आणि शेवटी २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच डिशने जेवढं बारीक दिसलं असतं तेवढं बारीक चित्र तयार करता येतं. बारीक म्हणजे तपशिलाच्या बाबतीत, सिग्नल गोळा करायची ताकद मात्र ३० डिशेसच्या क्षेत्रफळाएवढीच राहते, हे बरेच लेख सांगायचं विसरतात.

इथे जे पकडतात ते साधारण २० सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत लांबीचे रेडिओतरंग. जगातल्या नावाजलेल्या बऱ्याच रेडिओ दुर्बिणी याहून आखूड तरंगांवर जास्त काम करतात, मीटरतरंगांकडे एके काळी कोणी फारसं बघायचं नाही कारण माणसाने केलेला रेडिओ गोंगाट नेमका याच पट्ट्यात जास्त असतो. पण याच लांब तरंगांत विश्वातल्या जुन्या, थंडावलेल्या, विझत चाललेल्या गोष्टी जास्त ठळक दिसतात. जीएमआरटीचे मोठे शोध बघितले तर बहुतेकांची मुळं या एका गोष्टीत सापडतात, पुढे येईलच ते.

आधीची गोष्ट

या सगळ्यामागचा माणूस गोविंद स्वरूप (१९२९–२०२०). जन्म उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाराचा, शिक्षण अलाहाबादला, मग ऑस्ट्रेलिया, मग स्टॅनफर्डला पीएचडी. १९६१ साली परदेशातल्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मिळून भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा ग्रुप काढायचा प्रस्ताव पाठवला, होमी भाभांनी तो उचलून धरला, आणि स्वरूप परत आले. सुरुवात कुठे, तर कल्याणला! सिडनीजवळच्या पॉट्स हिलला वापरून झालेल्या ३२ छोट्या डिश, जेमतेम सहा फुटी, ऑस्ट्रेलियाने देऊन टाकल्या होत्या, त्या कल्याणजवळ लावून १९६५ मध्ये सूर्याचं निरीक्षण सुरू झालं. नंतर १९७० मध्ये ऊटीची दुर्बीण, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिची जागा निवडताना केलेली करामत भारीच होती, तिथल्या अक्षांशाएवढाच, म्हणजे ११ अंशांचा उत्तर-दक्षिण उतार असलेला डोंगर शोधला, मग दुर्बिणीचा अक्ष आपोआपच पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून तासन्‌तास एका ताऱ्यामागे जाता येऊ लागलं.

जीएमआरटीची कल्पना १९८४ ची. ४५ मीटरच्या ३० फिरत्या डिश नेहमीच्या पद्धतीने बांधायच्या तर खर्च आवाक्याबाहेर. यावर स्वरूप आणि त्यांच्या टीमने काढलेला तोडगा म्हणजे स्मार्ट डिझाइन. भरीव पत्र्याची डिश करायचीच नाही, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर स्टेनलेस स्टीलचे दोर ताणायचे आणि त्या दोरांवर पातळ तारेची जाळी बसवायची, दोर योग्य तेवढे ताणले की जाळीला आपसूक वाटीचा आकार येतो. जाळीची भोकं मध्यभागी एक सेंटिमीटर आणि कडेला दोन सेंटिमीटर. तरंग २० सेंटिमीटरहून मोठा असला की त्याच्या दृष्टीने ही भोकं नसल्यातच जमा, तो परावर्तित होतो, वारा मात्र चाळणीतून जावा तसा आरपार निघून जातो. वाऱ्याचा जोर कमी म्हणजे सांगाडा हलका, मोटारी लहान, पाया लहान, आणि सगळंच स्वस्त. जवळ जाऊन खाली उभं राहिलं तर डिशमधून पलीकडचं आभाळ स्पष्ट दिसतं. वर फोकसला चार पायांवर एक चौकोनी फिरता ठोकळा आहे, त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे अँटेना बसवलेत, खगोलशास्त्रज्ञाला जो पट्टा हवा असेल ती बाजू फिरवून खाली डिशकडे करायची.

खोडदच का, याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. त्या काळी तिथे रेडिओ गोंगाट कमी होता आणि आजूबाजूचे डोंगर थोडीफार आडही देतात. १९ अंश अक्षांशावरून दक्षिणेचं आकाश बरंच खालपर्यंत दिसतं, आकाशगंगेचं केंद्रही छान वर येतं, शिवाय चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसं उत्तरेला असल्याने वरचं आयनोस्फिअर (वातावरणाचा विद्युतभारित कणांचा उंचावरचा थर, जो रेडिओतरंग वाकवतो) त्यातल्या त्यात शांत. आणि पुणे जवळ, म्हणजे कारखाने, इंजिनिअर, विद्यापीठ सगळं हाताशी. जाता जाता, नारायणगावला लोक तमाशाची पंढरी म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण शेजारच्याच आर्वीला परदेशी फोन आणि टीव्हीसाठीचं विक्रम उपग्रह केंद्र १९७१ पासून होतं, त्यामुळे मोठी डिश हा प्रकार या पट्ट्याला अगदी अनोळखी नव्हता.

४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते लोकार्पण झालं आणि २००२ पासून जगातल्या कुणाही शास्त्रज्ञाला अर्ज करून वेळ मागता येऊ लागला. पुढे मोठं अपग्रेड झालं, रिसीव्हर आणि मागची इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ सगळी बदलली, आधी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेता यायचा तो ४०० मेगाहर्ट्झ झाला. डिश त्याच राहिल्या, पण आतून दुर्बीण नवीनच झाली म्हणा. २०२० मध्ये आयईईई या विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेने जीएमआरटीला माइलस्टोनचा, म्हणजे तंत्रज्ञानातल्या ऐतिहासिक टप्प्याचा, दर्जा दिला, भारतातल्या कामाला हा मान तिसऱ्यांदा मिळाला, आधीचे दोन जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामाला होते.

जे शोधायला बांधली ते सापडलं नाही

हे सरकारी माहितीपत्रकात फार ठळक नसतं पण मला यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग हाच वाटतो. ८० च्या दशकात एक थिअरी जोरात होती की विश्वात आधी हायड्रोजनचे प्रचंड मोठे ढग जमले आणि मग ते फुटून त्यांच्या गॅलक्सी झाल्या. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, एक अतिशय क्षीण सिग्नल देतो. तो ढग जितका दूर तितका विश्वाच्या प्रसरणाने तरंग ताणला जातो आणि मीटरच्या घरात येतो. असे ढग पकडायचे हे जीएमआरटीचं मुख्य ध्येय होतं. दुर्बीण बांधून होईपर्यंत थिअरीच मागे पडली, आधी छोटं जमतं मग मोठं, असं चित्र मान्य झालं, आणि ते राक्षसी ढग काही मिळाले नाहीत. म्हणजे मूळ प्रश्न बाद आणि यंत्र मात्र जगात एक नंबर. नंतर जे काही सापडलं ते त्या यंत्राचा दुसरा काय काय उपयोग होतो हे लोकांनी शोधत गेल्यामुळे.

हायड्रोजनचा मात्र नाद सुटला नाही. अडचण अशी आहे की लांबच्या एकेका गॅलक्सीचा २१ सेंटिमीटरचा सिग्नल इतका कमी असतो की तो वेगळा दिसतच नाही. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगलूर या एनसीआरएच्या लोकांनी सहकाऱ्यांबरोबर अपग्रेड झालेल्या दुर्बिणीने साधारण १०० तास निरीक्षण केलं आणि ७,६५३ गॅलक्सींचे सिग्नल एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. एकटी दिसत नाही ती गोष्ट सरासरीत वर आली. हा काळ ८ अब्ज वर्षांपूर्वीचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलेला निष्कर्ष असा की तेव्हाच्या गॅलक्सींकडे हायड्रोजन भरपूर होता, पण तारे बनवायचा वेग इतका होता की तो साठा एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. विश्वात तारे बनायचं प्रमाण ८ ते १० अब्ज वर्षांपूर्वी कळसाला होतं आणि मग दहापटीने घसरलं हे आधीपासून माहीत होतं, का घसरलं यावर वाद होते. बाहेरून नवीन गॅस पुरेसा येईना आणि असलेला संपला, हे उत्तर या मोजमापातून पहिल्यांदा सरळ हाताला लागलं.

२०२३ च्या जानेवारीत अर्णब चक्रवर्ती (मॅकगिल) आणि निरुपम रॉय (आयआयएससी) यांनी एकाच गॅलक्सीचा असा सिग्नल नोंदवला, एसडीएसएसजे०८२६+५६३० नावाची, साधारण ८.८ अब्ज वर्षांपूर्वीची. इथे सरासरी नाही, मधे दुसरी एक गॅलक्सी आल्यामुळे तिच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाचं काम केलं आणि सिग्नल सुमारे ३० पट वाढला. बातम्यांमध्ये त्याचा "परग्रहावरून आला संदेश" असा जो काही कालवा झाला तो सोडून द्या, हायड्रोजन सगळीकडेच आहे आणि तो कुणाला काही सांगत नसतो.

पल्सार

पल्सार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा, शहराएवढा लहान पण सूर्याहून जड, आणि गरागरा फिरताना त्याचा रेडिओ झोत पृथ्वीवरून ठराविक वेळाने जातो. पल्सार कमी फ्रिक्वेन्सीला, म्हणजेच लांब तरंगांवर, जास्त तेजस्वी असतात त्यामुळे जीएमआरटीला हे काम अगदी मानवतं. २००४ मध्ये पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता (नंतर एनसीआरएचे संचालक झाले), स्कॉट रॅन्सम आणि ईश्वर-चंद्र यांनी एनजीसी १८५१ या तारकागुच्छातला पहिला पल्सार इथून शोधला. सेकंदाला साधारण २०० गिरक्या घेतो आणि १८.८ दिवसांत जोडीदाराभोवती इतक्या लांबट कक्षेत फिरतो की तशा वेगवान पल्सारला अशी कक्षा असणं तेव्हा फार विचित्र वाटलं. गिरकीला इतका वेग येतो तो सहसा जोडीदाराकडून पदार्थ ओढून घेतल्याने, आणि त्या प्रक्रियेत कक्षा गोल होऊन जाते. मग ही लांबट कशी? एक उत्तर असं की गुच्छातल्या गर्दीत जोडीदाराची अदलाबदल झाली असावी.

पल्सारवरचं दुसरं काम खूपच मोठ्या साखळीचा भाग आहे. पल्सारचे ठोके इतके नियमित असतात की आकाशभर विखुरलेल्या काही पल्सारचे ठोके वर्षानुवर्षं मोजत राहिलं तर मधून जाणाऱ्या अतिशय लांब गुरुत्वीय लहरींनी (अवकाशालाच किंचित ताणत-आकसवत जाणाऱ्या लहरी) ते सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी मागेपुढे झालेले कळू शकतात. युरोपच्या पाच मोठ्या दुर्बिणी आणि भारत-जपानचा इन्पीटीए हा गट यांनी एकत्र मिळून २५ पल्सारचा डेटा तपासला आणि २९ जून २०२३ ला अशा लहरींचा पुरावा मिळत असल्याचं जाहीर केलं, त्याच दिवशी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही आपापले निकाल दिले. या लहरी बहुधा एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांमुळे असाव्यात. यात जीएमआरटीचं नेमकं काम काय? ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना कमी फ्रिक्वेन्सीचा ठोका मागे पडतो आणि हा उशीर रोज थोडा बदलतो. तो न वजा करता लहरी शोधणं म्हणजे नुसता गोंधळ. कमी फ्रिक्वेन्सीवर हा उशीर सगळ्यात ठळक दिसतो, म्हणून तो मोजायला खोडद.

विझलेल्या गोष्टी

गॅलक्सीच्या मध्यातल्या कृष्णविवरातून कधीतरी प्रचंड झोत निघतात, त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात रेडिओतरंग सोडतात. वय झालं की जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी संपतात आणि कमी फ्रिक्वेन्सीवर चमकणारे तेवढे उरतात. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उलाढालीचे अवशेष बघायचे तर मीटरतरंगांशिवाय पर्याय नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण भुजंगधारी तारकासमूहातल्या ओफ्युकस गॅलक्सीगुच्छाचं. अंतर ३९ कोटी प्रकाशवर्षं. २०१६ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात तिथल्या गरम वायूत एक वक्र कड दिसली होती, पण ती अशा झोताने वायूत कोरलेल्या पोकळीची कड असेल तर स्फोट इतका मोठा मानावा लागला असता की तेव्हाच्या संशोधकांनी ती शक्यता बाजूला ठेवली. २०२० मध्ये सिमोना जाचिंतुच्ची आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या एमडब्ल्यूए दुर्बिणीचा आणि जीएमआरटीचा कमी फ्रिक्वेन्सीचा डेटा त्यावर ठेवून बघितला तर कड जिथे होती तिला लागूनच पलीकडची सगळी जागा रेडिओ उत्सर्जनाने भरलेली! पोकळी खरी होती. आधीच्या विक्रमी स्फोटाच्या साधारण पाचपट ऊर्जा लागली असणार, आणि तो झोत आता कधीच बंद पडलाय, उरलाय तो हा जुना फुगा.

जवळजवळ पूर्ण आकाशाचा सर्व्हेही यातूनच झाला. टीजीएसएस, १५० मेगाहर्ट्झवर, निरीक्षणं २०१० ते २०१२ ची. या फ्रिक्वेन्सीला आयनोस्फिअर चित्राची पार वाट लावतं, पाण्याच्या तळाशी ठेवलेली वस्तू हलताना दिसते तसा प्रत्येक स्रोत वेगवेगळ्या बाजूला सरकतो. हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने ही विकृती दिशेनुसार काढून टाकणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, त्याने आणि सहकाऱ्यांनी सगळा डेटा त्यातून पुन्हा काढला आणि २०१७ मध्ये आकाशाच्या ९० टक्के भागातल्या ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. लगेच पुढच्या वर्षी आयुष सक्सेना आणि सहकाऱ्यांनी याच यादीतून संशयित निवडून, मग प्रकाशीय दुर्बिणींनी तपासून, सुमारे १२ अब्ज प्रकाशवर्षं दूरची रेडिओ गॅलक्सी शोधली, तेव्हाची सगळ्यात दूरची.

इंटेमाच्याच हाती अजून एक मजेशीर गोष्ट लागली. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये आकाशात फिकट गोल रेडिओ कडी दिसायला लागली, कुठल्याच ज्ञात प्रकारात न बसणारी, आणि यंत्राचा दोष असेल अशी शंका आलीच. मग खोडदच्या २०१३ मधल्या जुन्या निरीक्षणात, दुसऱ्याच गॅलक्सीगुच्छाच्या चित्रात, कोपऱ्यात तसंच एक कडं सापडलं. दुर्बीण वेगळी, देश वेगळा, म्हणजे यंत्राचा दोष नव्हे. सात-आठ वर्षं ते चित्र डिस्कवर तसंच होतं.

ताऱ्यांच्या बाबतीतही एक गट इथला म्हणता येईल असा आहे. काही गरम, जोरदार चुंबकीय क्षेत्राचे साधे तारे ठराविक वेळाने रेडिओ स्पंद सोडतात, पहिला २००० मध्ये सापडला आणि सगळ्यांना तो अपवाद वाटला. बर्णाली दास आणि पूनम चंद्रा यांनी जीएमआरटीने एका दमात आठ नवीन शोधले, तेव्हा जगात माहीत असलेले एकूण १५ झाले आणि त्यातले ११ खोडदचे. अपवाद वगैरे काही नाही, योग्य फ्रिक्वेन्सीला कुणी बघत नव्हतं एवढंच.

मंगळावरचा आवाज

खगोलशास्त्राच्या बाहेरचं पण सांगितल्याशिवाय राहवत नाही असं एक काम. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ट्रान्समीटर जवळून फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीवर ऐकू यावा म्हणून नव्हेच, पण फ्रिक्वेन्सी जीएमआरटीच्या पट्ट्यात बसत होती. नासाच्या लोकांनी उपकरणं लावली आणि यान वातावरणात शिरून खाली येतानाचा सिग्नल खोडदला थेट मिळत राहिला, मग उतरायच्या जरा आधी तो अचानक बंद झाला. काहीतरी बिघडलंय याचा पहिला इशारा जगाला नारायणगावहून गेला. नंतर कळलं की यानाच्या कॉम्प्युटरला आपण जमिनीवर पोचलो असं वाटलं होतं, तेव्हा ते अजून ३.७ किलोमीटर वर होतं.

सध्या

सगळ्यात मोठा त्रास गोंगाटाचा. ८० च्या दशकातला शांत भाग आता शांत राहिला नाही, मोबाईल टॉवर, विजेच्या लाइनवरच्या ठिणग्या, गाड्या, सगळंच वाढलंय, त्यामुळे कॅम्पसवर मोबाईल बंद ठेवावा लागतो आणि आजूबाजूच्या उद्योगांवरही बंधनं आहेत. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा जाणार होता, पण रेल्वेच्या विद्युत यंत्रणेमुळे दुर्बिणीला अडथळा येईल म्हणून तो बाजूला ठेवून शिर्डीकडून वळवायचा निर्णय रेल्वेने घेतला, त्यावर जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडच्या लोकांची नाराजी आहे आणि जुनाच मार्ग हवा ही मागणी चालू आहे. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे, तीस वर्षं वाट बघून रेल्वे दारावरून जाणार नाही म्हटल्यावर राग येणारच, पण ३० डिश उचलून दुसरीकडे नेणं हाही काही पर्याय नाही.

ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहत असलेल्या एसकेए या प्रचंड दुर्बिणीत भारत सहभागी आहे, केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केलेत, आणि ती सगळी यंत्रणा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात एनसीआरए पुढे आहे. एसकेएच्या वाटेवरची दुर्बीण म्हणून जीएमआरटीला अधिकृत मान्यताही आहे.

दुर्बीण बघायची असेल तर दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला मोठं प्रदर्शन भरतं, शाळा-कॉलेजांचे प्रयोग मांडलेले असतात, हजारो पोरं येतात, डिशच्या जवळ जाता येतं आणि काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात. मोबाईल मात्र त्या दिवशीही बंदच ठेवायचा.